बाजाराचा कल आणि आपला पैसा : बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या गुंतवणूकदारासाठी

उसाचं पहिलं बिल खात्यावर जमा झालं, की निपाणी-चिकोडी पट्ट्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मार्केट कसं आहे सध्या? आत्ता पैसे घालू का?" बेळगावात उद्यमबागच्या बोनसच्या दिवसांत हाच प्रश्न येतो आणि खानापूरकडे जागा विकून पैसे हातात आलेला माणूसही हेच विचारतो. या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. बाजाराचा कल कुठे आहे, हा एक. माझा हा पैसा बाजारात किती वर्षं राहू शकतो, हा दुसरा. बहुतेक जण पहिल्याच प्रश्नाला चिकटतात. माझ्या मते नुकसानीचं मोठं कारण तिथेच आहे, म्हणून या लेखात दुसरा प्रश्न आधी घेतला आहे.

आपल्या भागाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. इथल्या पुष्कळ घरांची कमाईच मुळी चक्रावर चालते. ऊस, तंबाखू, फाउंड्रीचं काम, बांधकाम, कशालाच दर महिन्याला सारखा पैसा नाही. शेअर बाजाराचं चक्र आणि आपल्या कमाईचं चक्र एकाच वेळी खाली आलं, तर चांगले शेअर पडत्या भावात विकावे लागतात. हे टाळणं आपल्या हातात आहे.

पहिली पायरी : पैशाची वाटणी

कागद घ्या आणि हातात असलेल्या रकमेचे तीन भाग करा. पुढच्या वर्षभरात लागणारा पैसा पहिल्या भागात येतो : लागवड, खत, मजुरी, कॉलेजची फी, घरखर्च. ज्यांची कमाई हंगामी आहे त्यांनी किमान एका हंगामाचा घरखर्च यातच धरावा. कारखान्याचं बिल तीन-चार महिने लांबणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. दुसऱ्या भागात दोन ते पाच वर्षांत लागणारी रक्कम ठेवा : मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, ट्रॅक्टरची मार्जिन रक्कम. तिसऱ्या भागात असा पैसा, जो किमान सात वर्षं नाही मिळाला तरी घराचं काही अडणार नाही.

बाजाराचा कल फक्त या तिसऱ्या भागाला लागू होतो. पहिल्या दोन भागांसाठी निफ्टी (५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) वर आहे की खाली, याला काही अर्थ नाही.

पहिला आणि दुसरा भाग ठेवायचा कुठे? आपल्याकडे पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा व्याजदर बँकेपेक्षा बरा असतो. पण एक फरक पक्का लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्था आणि सौहार्द संस्थेतल्या ठेवीला ते नाही. ओळखीचे संचालक आहेत, चेअरमन आपल्याच गावचा आहे, एवढ्यावर सगळी जमा एकाच संस्थेत ठेवू नका. शेअर बाजाराच्या धोक्याला घाबरणारी माणसं या धोक्याकडे बघतही नाहीत, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरी पायरी : कल किती काळाचा, हे आधी ठरवा

टीव्हीवर "बाजारात तेजी" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते आजच्या दिवसाबद्दल असतं. आपल्याला त्याचा उपयोग नाही. सात वर्षांच्या पैशासाठी महिन्यांचा आणि वर्षांचा कल बघायचा.

मोठ्या कालावधीत बाजार वर गेला आहे, हे खरं. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्याचं मूळ वर्ष १९७८-७९ आणि मूळ आकडा १००. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५,९०० च्या वर जाऊन आला. मधल्या वाटेवर काय काय झालं, ते पाहिलं की कल या शब्दाचा अर्थ लागतो.

एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ पर्यंत चढला. हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं आणि वर्षभरात तो निम्म्याच्या आसपास आला. जानेवारी २००८ मध्ये त्याने २१,००० पार केले. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर बंद झाला, म्हणजे सुमारे ६० टक्के घसरण. नोव्हेंबर २०१० मध्ये एकदा तो परत २१,००० ला टेकला, पण पुन्हा खाली आला. ती पातळी कायमची ओलांडायला २०१४ उजाडलं. ज्याने जानेवारी २००८ मध्ये सगळी रक्कम एकदम घातली, त्याला लाभांश सोडला तर जवळपास सहा वर्षं वाट पाहावी लागली. "किमान सात वर्षं" असं मी वर लिहिलं, त्यामागचं कारण हेच.

उलट २०२० मध्ये सगळं झटपट झालं. जानेवारीच्या शिखरापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी ३८ टक्के पडला. २३ मार्चला एकाच दिवसात सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि सकाळी ४५ मिनिटं व्यवहार थांबवावे लागले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत जुनी पातळी परत आली. सप्टेंबर २०२४ मध्ये २६,२७७ ला टेकलेला निफ्टी मार्च २०२५ च्या सुरुवातीपर्यंत साधारण १६ टक्के उतरला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने तो खालीच बंद झाला.

शिखरापासून १० टक्क्यांच्या घसरणीला बाजारात करेक्शन म्हणतात आणि २० टक्क्यांच्या पुढे गेलं की मंदी. करेक्शन दर एक-दोन वर्षांनी येतं, ते आलं म्हणून दचकायचं कारण नाही. घसरण मात्र टक्क्यांत बघायची सवय लावा, अंशांत नको. सेन्सेक्स ८०,००० वर असताना ८०० अंश गेले तर तो फक्त १ टक्का होतो. १९९२ मध्ये ८०० अंश म्हणजे हाहाकार होता.

तिसरी पायरी : महिन्यातून एकदा कल वाचणे

दररोज भाव बघून काही हाती लागत नाही. महिन्यातला एक रविवार ठरवा. मोबाईल, एक वही आणि अर्धा तास पुरे. एनएसईच्या, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावर पुढचे बहुतेक आकडे फुकट मिळतात.

आधी निफ्टी ५० चा दोन-तीन वर्षांचा आलेख उघडा. प्रत्येक नवं शिखर आधीच्या शिखराच्या वर आणि प्रत्येक नवा तळ आधीच्या तळाच्या वर असेल, तर कल चढता. दोन्ही खाली सरकत असतील तर उतरता. धड हेही नाही आणि धड तेही नाही, अशी स्थिती बराच काळ असते. तेव्हा वहीत "कल नाही" असंच लिहा, ओढूनताणून अर्थ काढू नका. आलेखावर २०० दिवसांची सरासरी दाखवायची सोय असते, ती सुरू करा. निफ्टी या रेषेच्या वर असणं हे साधारणपणे चढत्या कलाचं लक्षण मानतात. ही रेषा कल बदलल्यानंतर उशिरा सांगते आणि बाजार आडवा चालत असेल तर वारंवार फसवते. म्हणून रेषेखाली गेला की विक, वर गेला की घे, असं त्यावर चालू नका. ती फक्त आपण कुठे उभे आहोत ते दाखवते.

पुढची गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत : तेजी किती शेअरमध्ये आहे? निफ्टीत ५० कंपन्या असल्या तरी त्यांचं वजन सारखं नसतं. बँका आणि वित्तसंस्था मिळून त्यातला एक तृतीयांश किंवा जास्त भाग व्यापतात. दोन-तीन मोठ्या बँका आणि रिलायन्स चढले की निफ्टी चढतो, बाकी बाजार पडत असला तरी. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी विक्रमी पातळीवर होता. पण छोट्या कंपन्यांचा निर्देशांक जानेवारी २०१८ पासून उतरत होता. मार्च २०२० पर्यंत तो आपल्या शिखरापासून निम्म्याहून जास्त खाली गेला. "मार्केट वर आहे, मग माझेच शेअर का पडतात?" या तक्रारीचं उत्तर इथे सापडतं. म्हणून वहीत तीन ओळी करा : निफ्टी ५०, निफ्टी मिडकॅप १५० (मध्यम कंपन्या) आणि निफ्टी स्मॉलकॅप २५० (छोट्या कंपन्या). प्रत्येकासमोर एक वर्षात किती टक्के बदल झाला, ते लिहा. तिन्ही एका दिशेने चालले असतील तर कल भक्कम आहे. मोठे वर आणि छोटे खाली असतील तर सावध राहा. छोटे मोठ्यांच्या कितीतरी पुढे पळाले असतील तर आणखी सावध, कारण तिथे पैसा नफ्यापेक्षा आशेवर लागलेला असतो.

मग महागाई, म्हणजे बाजाराची स्वतःची. निफ्टीचा पीई, म्हणजे भाव भागिले वर्षाचा नफा, हा आकडा बघा. निफ्टी २४,००० वर आणि पीई २२ असेल, तर निफ्टीतल्या कंपन्यांचा त्या प्रमाणातला वर्षाचा नफा सुमारे १,०९० रुपये होतो आणि त्या एका रुपयाच्या नफ्यासाठी आपण २२ रुपये मोजतोय. निफ्टी वर्षभरात १५ टक्के वाढला आणि नफाही तेवढाच वाढला, तर पीई जागेवर राहतो आणि तेजीला आधार असतो. नफा ४ टक्के आणि भाव १५ टक्के वाढला, तर उरलेली वाढ फक्त उत्साहाची. जुन्या पीईशी तुलना करताना एक खाच आहे. ३१ मार्च २०२१ पासून एनएसईने पीई काढताना कंपनीच्या एकट्याच्या नफ्याऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली. त्यामुळे ४० च्या आसपासचा आकडा एका रात्रीत ३३ च्या आसपास आला. बाजार स्वस्त झाला नव्हता, हिशेबाची पद्धत बदलली होती. २०२१ च्या आधीचे आकडे दाखवून कोणी "आत्ता किती स्वस्त आहे बघा" म्हणालं, तर हे आठवा.

व्याजदर आणि परदेशी गुंतवणूकदार यांवर थोडक्यात नजर ठेवली तरी चालते. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून रेपो दर (ज्या व्याजाने ती बँकांना कर्ज देते तो दर) वाढवत फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर नेला, दोन वर्षं तिथेच ठेवला आणि फेब्रुवारी २०२५ पासून उतरवायला घेतला. दर उतरतात तेव्हा कर्ज स्वस्त होतं, मुदत ठेवीचं आकर्षण कमी होतं आणि शेअरला मदत होते, पण त्याला महिने लागतात. परदेशी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात सुमारे ९४ हजार कोटी रुपयांचे शेअर विकले. त्याच महिन्यात देशी संस्थांनी १ लाख कोटींहून जास्त खरेदी केली. आपल्यासारख्यांच्या एसआयपीचा, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालण्याचा, पैसा त्यात होता. त्यामुळे "परदेशी विकतायत, आता संपलं" हे पूर्वीइतकं खरं उरलेलं नाही.

चौथी पायरी : आपली कमाई आणि आपले शेअर एकाच चक्रात नकोत

हा भाग सावकाश वाचा, कारण तो खास आपल्या मुलखाचा आहे.

बेळगाव जिल्हा साखरेचा. उगार खुर्दचा उगार शुगर वर्क्स आणि बेळगावात नोंदणी असलेली श्री रेणुका शुगर्स या दोन्ही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत. साहजिकच अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडीकडच्या माणसाला वाटतं, साखर तर आपल्याला कळते, साखरेचेच शेअर घेऊ. कारखान्याचं गाळप किती झालं, उतारा किती पडला, टोळ्या कधी आल्या, हे त्याला मुंबईच्या विश्लेषकाआधी कळतं. यात तथ्य आहे. पण साखर कंपनीचा नफा गाळपापेक्षा सरकारच्या निर्णयांवर जास्त ठरतो. उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, दिल्ली ठरवते : १०.२५ टक्के उताऱ्याला २०२३-२४ च्या हंगामात क्विंटलला ३१५ रुपये, २०२४-२५ मध्ये ३४० आणि २०२५-२६ साठी ३५५. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली. कच्चा माल दरवर्षी महागला आणि पक्क्या मालाचा किमान भाव वर्षानुवर्षं तिथेच राहिला, की कारखान्याचा नफा चेपतो. निर्यातीला परवानगी द्यायची की नाही, इथेनॉलला उसाचा रस वापरू द्यायचा की नाही, हेही सरकारच ठरवतं. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि त्या दिवशी साखर कंपन्यांचे शेअर धडाधड पडले. थोड्याच दिवसांत मर्यादित परवानगी मिळाली. २०२४-२५ च्या हंगामासाठी बंधन उठलं. शेतात उभं राहून हे कोणाला आधी कळणार?

आता कमाईचं बघा. उसाचा दर वाढला तर शेतकऱ्याचा फायदा आणि कारखान्याचा तोटा, त्यामुळे दोन्ही एकमेकांना सावरतील, असं वरवर वाटतं. दराच्या बाबतीत काही अंशी ते होतंही. पण दुष्काळ पडला तर ऊसही कमी आणि गाळपही कमी. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने राज्यातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले, तेव्हा दोघांवरही एकदमच घाला आला. आणि कारखान्याचे पैसे अडकले की आपलं बिल लांबतं, बरोबर त्याच वेळी त्याचा शेअर पडलेला असतो. घरात पैशाची अडचण आणि विकायला हातात पडलेला शेअर, असा दुहेरी फटका बसतो. म्हणून ज्याच्या घरात उसाचं उत्पन्न आहे, त्याने साखरेचे शेअर अजिबात घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यायचेच असतील तर तिसऱ्या भागातल्या पैशाच्या ५ टक्क्यांच्या वर नकोत.

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांना हाच नियम वाहन उद्योगाबाबत लागू होतो. कास्टिंगची मागणी ट्रक, ट्रॅक्टर, पंपांवर चालते. २०१९ मध्ये वाहनविक्री मंदावली तेव्हा ओव्हरटाइम आधी गेला, मग शिफ्ट. त्याच काळात वाहन कंपन्यांचे शेअरही पडले होते. पगार ज्या उद्योगातून येतो, बचतही त्यातच ठेवली तर एकाच गाड्याला दोन्ही बैल जुंपल्यासारखं होतं.

कारखाना गावात आहे म्हणून कंपनी कळते, हेही खरं नाही. यमनापूरचा हिंडाल्कोचा कारखाना बेळगावकराने लहानपणापासून पाहिलेला असतो. पण हिंडाल्कोच्या उलाढालीतला अर्ध्याहून जास्त हिस्सा नोवेलिस या परदेशातल्या उपकंपनीचा आहे, जी कंपनीने २००७ मध्ये विकत घेतली. ॲल्युमिनियमचा भाव लंडनच्या धातू बाजारात ठरतो. यमनापूरला किती ट्रक आत गेले यावरून त्या शेअरबद्दल काहीच सांगता येत नाही.

मग घ्यायचं काय? सुरुवात करणाऱ्याने निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) घ्यावा, एवढं साधं उत्तर आहे. खर्च कमी, ५० कंपन्या, आणि साखर किंवा फाउंड्रीशी आपलं नशीब पुन्हा बांधलं जात नाही. दोन-तीन वर्षं बाजाराचे चढउतार अंगावर घेतल्यावर स्वतंत्र शेअर बघता येतील.

पाचवी पायरी : कल कोणताही असो, काय करायचं ते आधी लिहून ठेवा

तेजीत आणि मंदीत माणूस वेगळा विचार करतो. म्हणून निर्णय शांत डोक्याने आधी घ्यायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. सगळ्यात सोपा नियम प्रमाणाचा आहे.

समजा तिसऱ्या भागात ४ लाख आहेत. त्यातले २ लाख इंडेक्स फंडात आणि २ लाख बँकेच्या मुदत ठेवीत, असं निम्मं-निम्मं प्रमाण ठरवलं. बाजार ३० टक्के पडला. फंड १ लाख ४० हजारांवर आला, एकूण ३ लाख ४० हजार. निम्मे म्हणजे १ लाख ७० हजार. तेव्हा ठेवीतले ३० हजार काढून फंडात घालायचे. उलट बाजार ४० टक्के चढला, फंड २ लाख ८० हजार, एकूण ४ लाख ८० हजार, निम्मे २ लाख ४० हजार. तेव्हा फंडातले ४० हजार काढून ठेवीत. सोयीसाठी ठेवीचं व्याज इथे धरलेलं नाही. फंडाचं प्रमाण ४५ ते ५५ टक्क्यांच्या बाहेर गेलं तरच हात लावायचा, असं ठरवलं की वर्षातून एखाद्या वेळी काम पडतं. पडत्या बाजारात खरेदी आणि चढत्या बाजारात थोडी नफावसुली आपोआप होते, आणि कोणाची टिप विचारावी लागत नाही. ज्याची हिंमत लवकर खचते त्या माणसाने फंडाचं प्रमाण निम्म्याऐवजी ३० टक्के ठेवावं. त्यात काही कमीपणा नाही.

पडण्याचं गणितही लक्षात असू द्या. २० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला २५ टक्के चढावा लागतो. ५० टक्के पडलेला १०० टक्के. ८० टक्के पडलेल्याला मात्र ४०० टक्के चढायला हवं. निर्देशांक पडून परत येतो, कारण त्यातून बुडत्या कंपन्या काढून नव्या घेतल्या जातात. एकेका कंपनीच्या शेअरला अशी हमी नाही. "इतका पडलाय, आता अजून कुठे पडणार" या विचाराने घेतलेले शेअर आजही अनेकांच्या डीमॅटमध्ये धूळ खात पडलेत.

दरमहा पगार असणाऱ्याला एसआयपी सोयीची. पण हंगामी कमाईच्या घरात एसआयपीचे हप्ते चुकतात, बँक दंड कापते आणि लागोपाठ तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी बंद पडते. त्यावर उपाय आहे. बिलाचा हप्ता आला की तिसऱ्या भागाची रक्कम त्याच फंड कंपनीच्या लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसा ठेवणारा फंड) ठेवा आणि तिथून इंडेक्स फंडात दरमहा ठरावीक रक्कम वळवायची सूचना द्या. याला एसटीपी म्हणतात. २ लाख रुपये आले तर महिना २० हजार, दहा महिने. पुढचा हंगाम येईपर्यंत काम पुरतं आणि शिखरावर सगळी रक्कम एकदम घालण्याचा धोकाही टळतो.

सहावी पायरी : यांच्यापासून लांब

फ्युचर आणि ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर केलेले सौदे. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर होता. पुढच्या वर्षीही प्रमाण ९१ टक्के निघालं. आपल्याकडे कॉलेजची मुलं पॉकेटमनीतून ऑप्शन घेतात आणि घरी कळतं ते हातउसने पैसे फेडायची वेळ आल्यावर. घरातल्या मोठ्यांनी हे आकडे मुलांसमोर ठेवून बोलावं, रागावून काही होत नाही.

कर्ज काढून शेअर घेणंही नको. सोसायटीचं कर्ज, सोनं गहाण, भिशीचा उचललेला नंबर, काहीच नाही. कल चढता असला तरी नाही.

आणि व्हॉट्सॲप-टेलिग्रामच्या ग्रुपवरची "खात्रीची टिप". तिथे दिलेल्या ॲपवर रोज नफा वाढताना दिसतो, पैसे काढायला गेलं की आधी "टॅक्स भरा" म्हणतात. ब्रोकर, सल्लागार किंवा विश्लेषक कोणीही असो, त्याचा सेबी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. ब्रोकरचा क्रमांक आयएनझेड, सल्लागाराचा आयएनए आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर "ट्रेडिंगसाठी" पैसे पाठवू नका, तो नातेवाईक असला तरी. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका. पहिल्या काही तासांत १९३० या क्रमांकावर फोन केला तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता असते. नोंदणीकृत ब्रोकरबद्दल तक्रार असेल तर सेबीचं स्कोअर्स हे संकेतस्थळ आणि १८०० २६६ ७५७५ ही मोफत मदतवाहिनी आहे.

सातवी पायरी : कागदपत्रं आणि कर

सीमाभागात केवायसी अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नावाचं स्पेलिंग. आधारवरचं नाव कन्नड उच्चारावरून लिहिलेलं, पॅनवर मराठी पद्धतीचं, बँकेत तिसरंच. वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा क्रमही बदललेला असतो. खातं उघडायच्या आधी पॅन, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा आणि तफावत असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवर पत्ताही दोन तऱ्हेचा दिसतो. नवं पासबुक आणि आधार यांवर तो एकसारखा असेल एवढं बघा. ब्रोकर कोल्हापूरचा घ्यावा की बेळगावचा, यात आता खर्चाचा फरक नाही. १ जुलै २०२० पासून शेअर खरेदीवरचं मुद्रांक शुल्क देशभर सारखं आहे, डिलिव्हरीला, म्हणजे शेअर आपल्या खात्यात घेतले तर, ०.०१५ टक्के. नॉमिनी मात्र पहिल्याच दिवशी नोंदवा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, शेअरचा नफा नाही. इथे अनेकांची गल्लत होते. शेअर किंवा इक्विटी फंड १२ महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर. त्याहून जास्त काळ ठेवला तर वर्षाच्या एकूण नफ्यातल्या पहिल्या सव्वा लाखाला कर नाही आणि पुढच्या रकमेवर १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. वरच्या उदाहरणातले ४० हजार वर्षानंतर काढले, तर त्यातला नफ्याचा भाग ११ हजार चारशेच्या आसपास येतो, म्हणजे दुसरा नफा नसेल तर कर शून्य. नफावसुली वर्ष उलटल्यावर आणि मार्चच्या आत-बाहेर विभागून केली तर सव्वा लाखाची सूट दोन आर्थिक वर्षांत दोनदा मिळते.

वहीचं पान असं आखा : तारीख, निफ्टी किती, शिखरापासून किती टक्के खाली, २०० दिवसांच्या सरासरीच्या वर की खाली, तिन्ही निर्देशांकांचा वर्षाचा बदल, पीई, आणि शेवटच्या रकान्यात फंड आणि ठेव यांचं प्रमाण. शेवटच्या रकान्यात फंडाचं प्रमाण ४५ ते ५५ च्या मध्ये असेल तर वही मिटा आणि पुढच्या महिन्यापर्यंत ॲप उघडू नका. बाहेर गेला असेल तर सोमवारी सकाळी सव्वानऊची घाई न करता दुपारी बँकेत किंवा फंडाच्या ॲपवर ठरलेली रक्कम इकडून तिकडे वळवा आणि तेवढीच वहीत लिहा.